घरचा पॉटरी स्टुडिओ आणि स्वतःची भट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासला जाऊन चाकावर हात बसला, चार-दोन वाट्या आणि मग धड जमायला लागले, की पुढची ओढ लागते ती स्वतःच्या भट्टीची. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर कुठूनही प्रश्न येतात ते साधारण हेच. इथली उत्तरं मुख्यतः घरगुती विजेच्या भट्टीबद्दल आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: भट्टीच्या नावावर खपणारे बहुतेक बिघाड भट्टीत होत नाहीत. ते वाळवणीत झालेले असतात, नाहीतर वायरिंगमध्ये. त्यामुळे या दोन विषयांवर मी जास्त बोलणार आहे.

फ्लॅटमध्ये भट्टी ठेवता येते का?

लहान भट्टी ठेवता येते, पण जागा बघण्याआधी विजेचं बिल बघा. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. ३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर ओढते, ६ किलोवॅटची २६. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लहान भट्टी चालेल असं कागदावर दिसतं. पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि भट्टी दहा तास. एवढा वेळ जवळजवळ पूर्ण भार वाहिला की सॉकेट तापतं, प्लगची पिन काळी पडते, प्लास्टिक वितळायला लागतं. म्हणून भट्टीला मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. योग्य जाडीची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि खरोखर काम करणारं अर्थिंग. अर्थिंग ‘आहे’ असं बिल्डर सांगतो, ते परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. ६ किलोवॅट किंवा त्याहून मोठी भट्टी घ्यायची असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून घेणं किंवा थ्री-फेज घेणं आलंच.

जागेचं म्हणाल तर भिंतीपासून चारही बाजूंनी किमान दीड फूट मोकळं हवं, वर फॉल्स सीलिंग नको, खाली लाकडी फळी नको. झोपायच्या खोलीत अजिबात नको. पहिल्या फायरिंगमध्ये, म्हणजे भांडं ग्लेझ न लावता पहिल्यांदा भाजताना (याला बिस्क म्हणतात), मातीतले सेंद्रिय पदार्थ ३०० अंशांच्या आसपास जळायला लागतात. त्याचा उग्र वास येतो आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही असतो, ज्याला वासच नसतो. समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली, बंदिस्त गच्चीवरची शेड, बंगल्याचं गॅरेज या चांगल्या जागा. उघडी बाल्कनी नको, पावसाची एक तिरकी सर पुरे होते. आणि सोसायटीला लेखी कळवा. न सांगता लावलेली भट्टी कधीतरी कुणाच्या तरी नाकाला कळतेच.

गॅसची भट्टी घेऊ का?

घर स्वतंत्र असेल, मोकळं अंगण असेल आणि कुणाच्या हाताखाली बसून गॅसचं फायरिंग शिकला असाल, तर घ्या. रिडक्शनचे तांबूस आणि शेवाळी रंग गॅसमध्ये जसे उतरतात तसे विजेत उतरत नाहीत, हे खरंच आहे. पण रिडक्शन म्हणजे भट्टीला मुद्दाम प्राणवायू कमी देणं, म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड तयार करणं. फ्लॅटमध्ये, बंद खोलीत हा विचारही करू नका.

एका फायरिंगला किती वीज जाते?

६ किलोवॅटची भट्टी दहा तास चालली म्हणजे ६० युनिट, असा सरळ गुणाकार करू नका. तापमान सांभाळणारा कंट्रोलर तापणारी कॉइल चालू-बंद करत राहतो, सुरुवातीच्या तासांत तर ती बराच वेळ बंदच असते. अशा भट्टीला साधारण ३५ ते ४५ युनिट लागतात. स्वतःचा आकडा काढायचा सोपा मार्ग म्हणजे सुरू करताना आणि संपल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहिणं.

बिलाची मेख वेगळीच आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. घरचा वापर आधीच २५० च्या आसपास असेल तर दुसऱ्या फायरिंगची बरीचशी वीज वरच्या दराने लागते. म्हणून रीडिंगची तारीख लक्षात ठेवून फायरिंग दोन बिलांत वाटून घ्या. आणि अर्धी रिकामी भट्टी कधी लावू नका. वीज जवळपास तेवढीच जाते.

मध्येच लाइट गेली तर?

घाबरू नका, झाकण उघडू नका. बिस्कच्या वेळी गेली असेल तर सहसा काहीच बिघडत नाही. वीज आली की तिथून पुढे सुरू करायचं. ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वितळवण्याचं दुसरं फायरिंग शेवटच्या शंभर अंशांत असताना तासभर गेली, तर परत चढवून थोडा जास्त वेळ धरून ठेवावं लागतं आणि रंगात फरक पडू शकतो. भट्टी घेताना विक्रेत्याला एकच विचारा: वीज परत आल्यावर कंट्रोलर आपोआप पुढे जातो, पहिल्यापासून सुरू होतो की बंद राहतो? घरातल्या इन्व्हर्टरवर भट्टी चालत नाही.

वीज जाण्यापेक्षा जास्त छळते ती कमी व्होल्टेजची वीज. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ताकद जेमतेम तीन चतुर्थांश उरते. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या घरांतले एसी सुरू झाले की भट्टी ११८० च्या आसपास अडकून बसते, तासन् तास वर सरकत नाही, आणि लोक कॉइल गेली म्हणून मेकॅनिकला फोन करतात. आधी व्होल्टमीटर बघा. शेवटचा चढ रात्री उशिरा किंवा पहाटे येईल अशा बेताने भट्टी सुरू केली तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. अट एवढीच की त्या वेळी घरात कुणीतरी जागं हवं. चालू भट्टी सोडून बाहेर जायचं नाही आणि कंट्रोलरच्या भरवशावर झोपायचंही नाही. रिले (कॉइल चालू-बंद करणारा स्विच) चिकटून भट्टी बंदच न होणं हा प्रकार खरा आहे.

कोणती माती वापरू? शेतातली काळी माती चालेल का?

काळी कपाशीची माती जशीच्या तशी चालत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची असते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच भेगा तुमच्या वाडग्याला पडतात. दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या रानात पांढरे खडे दिसतात, त्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही भांड्यात राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून छान निघतं. मग तो चुना हवेतलं बाष्प ओढून फुगायला लागतो आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, कपाटात ठेवलेल्या भांड्याचा टवका उडतो. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजायचं, चुनाच आहे. मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे.

जवळच्या नदीची किंवा तळ्याची गाळाची माती वापरून बघायची इच्छा असेल तर जरूर बघा, पण आधी तुमच्या भागातल्या कुंभाराकडे जा. कुठल्या तळ्याची माती घ्यायची, तिच्यात किती रेती आणि राख मिसळायची, हे त्या घरांत पिढ्यांपिढ्या ठाऊक असतं. माती विकत घ्या, शिकल्याचा मोबदला द्या. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळा, निवळू द्या, मग वापरा. आणि अशी लाल माती १००० अंशांच्या आसपासच भाजा. तीच माती स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीच्या) १२२० अंशांना नेली तर ती फुगते, बसते, वितळून भट्टीतल्या शेल्फवर पसरते, आणि महागडं शेल्फ जातं.

सुरुवातीला तयार स्टोनवेअर माती घेणंच शहाणपणाचं. कुठल्या तापमानाची आहे आणि किती टक्के आकसते हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. ओल्या भांड्यापासून भाजलेल्यापर्यंत बारा टक्के आकसणारी माती असेल तर ओला मग १० सेंटिमीटर उंच केलात तरी हातात ८.८ सेंटिमीटरचाच येणार.

शाडूचा गणपती भट्टीत भाजता येईल का?

येणार नाही, आणि भाजूही नये. मूर्ती आतून भरीव असते, ती फुटणार. शिवाय शाडू आपण घेतो तोच पाण्यात विरघळावा म्हणून. भाजलेली मूर्ती विरघळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तर कणही भट्टीत जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात काम बंद ठेवावं का?

बंद नको, पण वेग उतरवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि कोकणात तर त्याहूनही जास्त काळ, भांडं ‘वाळलं’ असं दिसतं पण वाळलेलं नसतं. माती हवेइतकीच कोरडी होऊ शकते. हवेतच ओल असेल तर महिनाभर फळीवर ठेवूनही आतली ओल जात नाही. भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. ही जुनी परीक्षा आहे आणि अजूनही तिच्यासारखी दुसरी नाही.

पावसाळ्यात भट्टी भरा, वरचं भोक उघडं ठेवा आणि ८०-९० अंशांवर पाच-सहा तास, जाड भांडी असतील तर रात्रभर, नुसती धरून ठेवा. भोकावर थंड आरसा किंवा स्टीलची ताटली क्षणभर धरा. वाफ जमली तर अजून थांबायचं. ताटली कोरडी राहायला लागली की पुढे जायचं.

एप्रिल-मेमध्ये दुखणं बरोबर उलटं असतं. विदर्भ-मराठवाड्यात कपाचा कान तासाभरात वाळतो आणि कप ओलाच राहतो, मग जोडावर चीर पडते. कान लावला की त्याच्याभोवती ओलसर फडकं आणि सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी, दोन दिवस. पंखा बंद.

भांडं भट्टीत फुटलं. हवेचा बुडबुडा राहिला होता का?

बुडबुडा नव्हे, पाणी. हवा प्रसरण पावून भांडं फोडत नाही. भिंतीत अडकलेल्या पाण्याची शंभर अंशांना वाफ होते आणि तिला निघायला वाट मिळाली नाही की ती फोडते. बुडबुडे असलेलं पण ठणठणीत वाळलेलं भांडं नीट निघतं. माती मळून बुडबुडे काढायचे ते चाकावर हात डगमगू नये म्हणून. जाडी बोटापेक्षा जास्त नको, आणि आतून पोकळ वस्तू असेल तर कुठेतरी टाचणीएवढं तरी भोक ठेवा.

फुटणं वेगळं आणि तडकणं वेगळं. तडकलेलं भांडं हातात घेऊन चिरेच्या कडा बघा. कडांवर ग्लेझ गोलावलं असेल तर चीर ग्लेझ वितळण्याआधीच होती, म्हणजे वाळवणीत किंवा बिस्कमध्ये पडलेली. कडा धारदार, बोट कापेल अशा असतील तर ते थंड होताना तडकलं. भट्टी लवकर उघडली असणार. तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर असेल तर चाकावर तळ नीट दाबला गेला नाही किंवा आत पाणी साचू दिलं.

५७३ हा आकडा लक्षात ठेवा. या तापमानाला मातीतल्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. उतरताना त्याच ठिकाणी आकसतो. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा हा टप्पा सावकाश ओलांडू द्या. झाकण १०० अंशांच्या खाली आल्यावरच उघडायचं. २०० ला फट करून डोकावण्याचा मोह सगळ्यांना होतो. तेवढ्यात मोठी ताटं जातात.

बिस्कचं वेळापत्रक सांगाल का?

चांगली वाळलेली, मध्यम जाडीची भांडी असतील तर हे चालतं. ११० अंशांपर्यंत ताशी ६० अंश, तिथे दोन तास थांबा. मग ६०० पर्यंत ताशी १००. या टप्प्यात मातीत रासायनिक रूपाने बांधलेलं पाणीही सुटतं. एवढं झाल्यावर ती माती परत कधी पाण्यात विरघळत नाही. वरचं भोक इथपर्यंत उघडंच ठेवा, मग बूच लावा. पुढे ९८० पर्यंत ताशी १५०, वर दहा-पंधरा मिनिटं धरून बंद. चढायला साधारण अकरा तास लागतात, उतरायला पुढची रात्र आणि सकाळ. बिस्कमध्ये भांड्यात भांडं ठेवलं, एकमेकांना टेकलं तरी चालतं. ग्लेझमध्ये टेकलं तर कायमचं चिकटलं.

डिजिटल कंट्रोलर आहे, मग कोन कशाला हवेत?

कंट्रोलर फक्त थर्मोकपलच्या (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या दांडीच्या) टोकाचं तापमान सांगतो. माती किती भाजली हे तापमान आणि वेळ दोन्हींवर ठरतं. बटाटा मंद आचेवर जास्त वेळ ठेवला तरी शिजतोच, तसं. कोन हा मातीसारख्याच मिश्रणाचा छोटा सुळका असतो आणि ठरावीक उष्णतेला वाकतो. जर्मनीत हेरमान झेगरने १८८६ साली असे कोन वापरात आणले, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने १८९६ मध्ये. आज आपण जे ‘कोन ६’ म्हणतो ते ऑर्टनच्या क्रमांकाप्रमाणे, साधारण १२२० अंशांच्या आसपासचं काम.

थर्मोकपल जुनं होतं तसं चुकीचं दाखवायला लागतं, आणि ते हळूहळू होत असल्याने कळत नाही. प्रत्येक फायरिंगला वरच्या, मधल्या आणि खालच्या शेल्फवर एकेक कोन ठेवा. महिनाभरात तुमच्या भट्टीचा कुठला कोपरा थंड आहे हे समजेल. मग त्या कोपऱ्यात लवकर वितळणारं ग्लेझ ठेवायचं. वहीत तारीख, कशी भरली, किती वाजता किती अंश, कोन कसे वाकले, मीटर किती फिरला, एवढं लिहा. फायरिंग बघायच्या भोकातून आत बघताना वेल्डरचा गडद चष्मा लावा, त्या उजेडाने डोळ्यांना इजा होते.

ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटलं.

तळापासून तीन-चार मिलिमीटर पट्टा ओल्या स्पंजाने पुसून कोरा ठेवा. शेल्फला अल्युमिना आणि चायना क्ले समप्रमाणात कालवून लेप द्या, फक्त वरच्या बाजूला. नवीन ग्लेझ आधी छोट्या तुकड्यावर, खाली मातीची बशी ठेवून तपासा.

मी केलेल्या ताटलीत जेवता येईल का?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. शिशाचं ग्लेझ घरी करूच नका, सजावटीच्या वस्तूवरही नको. आज सजावट असलेली वाटी उद्या कुणीतरी चटणीला घेतं. तांबं, मँगनीज, बेरियम जास्त असलेली मॅट ग्लेझेस आतल्या बाजूला नकोत. ग्लेझ नीट वितळलेलं, गुळगुळीत आणि मातीला धरून बसलेलं हवं. बारीक जाळीसारख्या चिरा दिसत असतील तर तिथे अन्न शिरतं.

आपल्या स्वयंपाकात आंबट फार. चिंच, कोकम, ताक, लिंबू. त्यामुळे घरच्या घरी एक प्राथमिक परीक्षा करा: भांड्यात पांढरं व्हिनेगर भरून २४ तास ठेवा, मग त्याच ग्लेझच्या, व्हिनेगर न लागलेल्या दुसऱ्या तुकड्याशी रंग ताडून बघा. रंग उडाला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ बाद. रंग तसाच राहिला म्हणजे भांडं सुरक्षित ठरलं असं मात्र नाही. विकायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसं आणि कॅडमियमची तपासणी करून घ्या. लोणच्याच्या बरणीसाठी तर आतून साधं पारदर्शक किंवा पांढरंच ग्लेझ वापरा. मीठ, मोहरी आणि लिंबू वर्षभर त्या भिंतीला लागून बसणार असतात.

मी केलेल्या मडक्यात पाणी गार का होत नाही?

स्टोनवेअर पाझरत नाही म्हणून. मडक्यातलं पाणी गार होतं ते भिंतीतून झिरपून बाहेर उडून जातं म्हणून. त्यासाठी लाल माती, कमी तापमान आणि बिनग्लेझचं भांडं हवं. गॅसच्या आचेवर ठेवायच्या भांड्यासाठीही तेच. कुंभार त्यात मुद्दाम रेती घालतो, ती आचेचा धक्का सोसते. स्टोनवेअरचा वाडगा शेगडीवर ठेवला की तडकतो.

मातीची धूळ खरंच घातक असते का?

होय. वाळलेल्या मातीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. कोरडा झाडू स्टुडिओत ठेवूच नका. ओल्या फडक्याने पुसा, ग्लेझची पावडर मिसळताना एन-९५ मास्क लावा, वाळलेलं भांडं घासायचं असेल तर ओल्या स्पंजाने. फायबर ब्लँकेटची भट्टी असेल तर आतल्या अस्तराला हात लावू नका, सुटे तंतू उडतात. मुलं खोलीत खेळत असतील तर याबाबत अजिबात तडजोड नको.

हात आणि अवजारं सिंकमध्ये धुतली तर?

काही महिन्यांत पाइप बंद, आणि खालच्या मजल्यावर भांडण. दोन बादल्या ठेवा. पहिलीत धुवायचं, दुसरीत विसळायचं, रात्रभर निवळल्यावर वरचं पाणी कुंड्यांना घालायचं. खालचा गाळ म्हणजे मातीच, ती परत वापरा. ग्लेझचं पाणी मात्र वेगळ्या बादलीत. ते झाडांना नको आणि मोरीतही नको.

पुढचं शिकायला कुठे जावं?

पाँडिचेरीत डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी उभारली. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या अनेकांची वाट तिथून आली आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला मातीकामाची एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, त्यांची भांडी प्रदर्शनात हातात घेऊन बघा. आणि धारावीच्या कुंभारवाड्यात एकदा दिवाळीच्या आधी जा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती वस्ती; कंट्रोलर नाही, कोन नाही, आणि पणत्यांचे ढीग बरोबर भाजून निघतात. धुराचा रंग आणि आगीचा रंग बघून ती माणसं काय ठरवतात हे विचारा.

फुटक्या भांड्यांचं काय करायचं?

न भाजलेली असतील तर पूर्ण वाळवून पाण्यात टाका, विरघळतील. जुन्या चादरीत बांधून विटांवर पाणी निथळू द्या आणि परत मळा. अर्धवट ओली टाकलीत तर गोळे राहतात. बिस्क झालेली, बिनग्लेझची खापरं गोणपाटात गुंडाळून, पाणी शिंपडून फोडा, चाळा, आणि ती भुकटी मोठ्या कुंड्या घडवायच्या मातीत दहा टक्क्यांपर्यंत मिसळा. माती कमी आकसते, कमी तडकते. ग्लेझ झालेली परत मातीत जात नाहीत. त्यांच्या कडा काचेसारख्या असतात, तेव्हा कचऱ्यात टाकताना कागदात नीट गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहून द्या. घंटागाडीवरची माणसं कचरा हातानेच वेगळा करतात.